वाचकांचे प्रश्न : माळ्यावरून उतरवलेला कॉम्प्युटर

गेल्या अंकात मी माझ्या ४८६ वर, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पीसीवर, फ्रीडॉस ही जुन्या डॉससारखीच चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम कशी चढवली ते लिहिलं होतं. विंडोज नसली तरी जुना पीसी चालतो, त्यासाठी दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत आणि त्या हौसेनं वापरणारी माणसं आहेत, एवढंच सांगायचं होतं. त्यावर सांगली-सातारा भागातून बरीच पत्रं आली. त्यातली पाच निवडून या वेळी उत्तरं देते. नवे वाचक असतील त्यांच्यासाठी सांगते, मी सत्तावीस वर्षं सांगलीतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम केलं. आता विश्रामबागेत घरीच असते. खिडकीजवळच्या टेबलावर दोन मशिनं आहेत : एक ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झचं, १६ एमबी रॅमचं आणि दुसरं पेंटियम थ्री, ७३३ मेगाहर्ट्झचं, ५१२ एमबीचं. उत्तरात लिहिलेलं जवळपास सगळं या दोघांवर केलेलं आहे.

प्रश्न : ताई, मुलानं २००१ साली घेतलेला पेंटियम थ्री माळ्यावर आहे. विंडोज ९८, रॅम १२८ एमबी. बारा-तेरा वर्षं बंदच आहे. नातू आठवीत आहे, तो म्हणतो यावर दुसरी सिस्टिम टाकू. एकदा प्लग लावून चालू होतो का बघू? आणि यावर काय चालेल?
— निवृत्त प्राथमिक शिक्षक, तासगाव

उत्तर : गुरुजी, प्लग लावू नका. निदान या रविवारी तरी नको.

आधी कॅबिनेटची बाजू उघडा आणि नातवाच्या हातात बॅटरी देऊन मदरबोर्डवर उजेड पाडायला सांगा. प्रोसेसरच्या आसपास उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर दिसतील. त्यांचं डोकं सपाट हवं. ते फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी चिकट काही सुकलेलं असेल, तर तो कपॅसिटर मेला. १९९९ ते २००७ या काळात जगभरच्या बोर्डांवर खराब कपॅसिटर लागले होते, तुमचं मशीन नेमकं त्यातच येतं. बदलायला अवघड नाही. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा आणि १०५ अंशांचा घ्यायचा. टीव्ही दुरुस्त करणारा कोणीही चांगला कारागीर तासाभरात करून देतो. मोठी नाण्यासारखी बॅटरी दिसेल ती सीआर२०३२. ती संपलेली असणारच. बदला, नाहीतर दर वेळी तारीख आणि डिस्कची माहिती हरवेल.

धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशनं काढा. पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा मात्र उघडू नका, आणि जुना काचेच्या नळीचा मॉनिटर असेल तर त्याला स्क्रू-ड्रायव्हर लावूच नका. बंद असला तरी आत जीव घेण्याइतकी वीज साठून राहते. नातवाला हे पहिल्यांदा सांगा, बाकी सगळं नंतर.

मग दुसरी पायरी. मुलाची हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा. त्यावर काय आहे हे आज कोणालाच आठवणार नाही, म्हणून तर ती जपायची. यूएसबीला आयडीई डिस्क, म्हणजे रुंद पट्टीच्या वायरनं जोडायची जुनी डिस्क, जोडायचं अडॅप्टर मिळतं. ते लावून आताच्या एखाद्या लिनक्स मशिनवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं पूर्ण डिस्कची प्रत काढा. हा प्रोग्राम आधी चांगला भाग उचलून घेतो आणि अडलेल्या जागी नंतर पुन्हा जातो, त्यामुळे मरणपंथाला लागलेल्या डिस्कवरूनही बरंच हाती लागतं.

एवढा आग्रह का, तर माझ्याच हातून घडलंय. २००९ च्या सप्टेंबरात हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली अल्फा, म्हणजे अगदी सुरुवातीची चाचणी आवृत्ती, आली. मी कित्येक वर्षं तिची वाट बघत होते. त्या रात्री घाईत सिस्टिमची प्रतिमा (पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली एकच फाइल) डिस्कवर लिहायला घेतली आणि डिस्कच्या नावातलं एक अक्षर चुकलं. ज्या डिस्कवर ती गेली तिच्यावर वडिलांची पत्रं होती. दोन वर्षं रोज थोडी थोडी करून मी ती टाइप केली होती. मूळ पत्रं ट्रंकेत होती म्हणून निभावलं, पण ती दोन वर्षं गेली. तेव्हापासून माझ्या टेबलावर प्रतीशिवाय कुठल्याही डिस्कला हात लागत नाही.

आता सिस्टिमचं. १२८ एमबीवर तुमच्या नातवाला लगेच आनंद देईल अशी एकच आहे, कोलिब्री. ती असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या भाषेत, लिहिलेली आहे. २००४ साली मेन्युएट या सिस्टिमपासून वेगळी झाली. आणि खिडक्या, माउस, एडिटर, खेळ हे सगळं धरून १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत मावते. डिस्कची गरजच नाही. फ्लॉपी घाला, मशीन चालू करा, फ्लॉपी घरघरायची थांबली की डेस्कटॉप समोर. आठवीतल्या मुलानं हे एकदा डोळ्यांनी बघायला हवं, कारण त्याच्या फोनवरचा एक फोटोसुद्धा याहून मोठा असतो. तिचे प्रोग्राम कसे लिहिलेत तेही उघडून वाचता येतं.

हायकू हवी असेल तर रॅम वाढवावी लागेल, तिला किमान ३८४ एमबी लागते. तुमच्या मशिनमध्ये इंटेलचा ८१० किंवा ८१५ चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपा) असेल तर ५१२ एमबीपर्यंत जाता येतं. २५६ च्या दोन पट्ट्या, पीसी१३३ लिहिलेल्या, जुन्या मालाच्या दुकानात बघा.

प्रश्न : मॅडम, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचा लेख आवडला, पण एक कळलं नाही. हे सगळं लिनक्सवर होतंच ना? मग हायकूसारखी सिस्टिम शिकून काय मिळणार? नोकरीत तर कोणी विचारत नाही.
— विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुझं खरं आहे, मुलाखतीत हायकूबद्दल कोणी विचारणार नाही. तरी मी तुला ती वापरायला सांगेन आणि कारणही सांगते.

तू आजवर ज्या सिस्टिम बघितल्यास त्यांत रोजच्या वापरात फाइल म्हणजे नाव, तारीख, आकार आणि आतला मजकूर. बाकी काही लक्षात ठेवायचं तर वेगळा डेटाबेस लागतो. हायकूत तसं नाही. तिथं फाइललाच हवे तितके गुणधर्म चिकटवता येतात आणि फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारा भाग, स्वतः त्यांची सूची ठेवते. वडिलांची पत्रं गमावल्यावर मी मूळ कागद स्कॅन केले. अकराशेच्या वर पत्रं आहेत. प्रत्येक स्कॅनला मी तीन गुणधर्म लावले : कोणी लिहिलं, कुठून, कोणत्या वर्षी. आता ‘मिरजेहून आलेली, १९६० पूर्वीची’ असा शोध मी फोल्डरसारखा टेबलावर ठेवला आहे. तो उघडून ठेवलेला असताना नवं पत्र स्कॅन करून गुणधर्म भरले की ते पत्र त्या खिडकीत आपोआप येऊन बसतं. काही दाबावं लागत नाही. ७३३ मेगाहर्ट्झच्या मशिनवर हे होतं.

यात एक खाचखळगा आहे, तो मला तीनशे पत्रं भरून झाल्यावर कळला. सूची आधी बनवायची असते, मेकइंडेक्स या आज्ञेनं, आणि गुणधर्म नंतर भरायचे. उलट केलं तर आधीच्या फाइली शोधात दिसत नाहीत. मला त्या तीनशेंचे गुणधर्म पुन्हा लिहावे लागले. दुसरं, साध्या पेनड्राइव्हवर फाइल नेली की गुणधर्म गळून पडतात, कारण पेनड्राइव्हच्या फॅट पद्धतीत त्यांना जागाच नाही. हायकूतच झिप करून नेलं तर ते टिकतात.

ही कल्पना हायकूची स्वतःची नाही. १९९० मध्ये ज्याँ-लुई गासे यांनी ॲपल सोडून बी ही कंपनी काढली. बीओएस ही त्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम. बीओएसची फाइल सिस्टिम डॉमिनिक जिआम्पाओलो आणि सिरिल मुरियॉन यांनी लिहिली. बाजारात बीओएसचा निभाव लागला नाही, २००१ साली पाम कंपनीनं ती साधारण १.१ कोटी डॉलरला विकत घेतली आणि काम थांबलं. जिआम्पाओलो पुढे ॲपलमध्ये गेले आणि मॅकवरच्या स्पॉटलाइट शोधावर त्यांनी काम केलं. म्हणजे मॅकवाला आज जे दोन कळा दाबून शोधतो त्याचं मूळ तुला हायकूत उघडं बघायला मिळतं.

बी बंद पडली त्याच वर्षी काही चाहत्यांनी ओपनबीओएस या नावानं सगळं नव्यानं लिहायला घेतलं. २००४ मध्ये नाव हायकू झालं. बीओएसच्या ब्राउझरमध्ये पान सापडलं नाही की चूक सांगणारा संदेश तीन ओळींच्या हायकू कवितेत यायचा, ती आठवण त्या नावात आहे. पहिली अल्फा २००९, पहिली बीटा (अल्फाच्या पुढची चाचणी आवृत्ती) २०१८, पाचवी बीटा २०२४. बहुतेकांना पगार नाही, बाजार नाही, आणि माणसं वीस वर्षांहून जास्त काळ एकाच कामाला धरून आहेत. ३२ बिटांच्या हायकूत बीओएसचे १९९९-२००० मधले प्रोग्राम आजही चालतात, हेही त्यांनी मुद्दाम सांभाळलं आहे. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे.

आणि तुझ्या ‘लिनक्सवर होतंच’ या वाक्याला एक उत्तर. लिनक्स पुढे जाते आहे आणि जुनी मशिनं मागे सोडते आहे. ३८६ प्रोसेसरचा आधार तिच्या गाभ्यातून २०१२ च्या डिसेंबरात काढला गेला. डेबियन या लिनक्सच्या एका प्रसिद्ध प्रकाराच्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. त्यांच्या बाजूनं ते बरोबर आहे. पण म्हणून जुन्या मशिनसाठी सिस्टिम निवडताना ‘लिनक्स टाका’ हे ठरलेलं उत्तर आता पुरत नाही. मशीन किती जुनं, रॅम किती, काम काय, हे विचारून मगच निवडावं लागतं.

तुला करून बघायचं असेल तर : हायकूची प्रतिमा एका सीडीत मावत नाही, डीव्हीडी लागते. जुन्या मशिनला डीव्हीडी ड्राइव्ह नसेल आणि यूएसबीवरून ते सुरू होत नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रतिमा थेट डिस्कवर लिही. डिस्कचं नाव तीनदा वाच. चालू होताना पडदा काळा राहिला तर शिफ्ट दाबून धर, मेनू येतो, त्यात सुरक्षित ग्राफिक्सचा पर्याय निवड.

प्रश्न : आमची गणपती पेठेत हळदीची अडत पेढी आहे. १९९४ ते २००६ चे हिशेब डॉसवरच्या प्रोग्राममध्ये आहेत. मशीन ४८६ आहे, अजून चालतं, पण हार्ड डिस्क आता खडखड करते. डॉसच्या मूळ फ्लॉप्या सापडत नाहीत. फ्रीडॉसवर हा प्रोग्राम चालेल का? जुने शेतकरी खातेउतारा मागतात म्हणून तो लागतो.
— अडते, सांगली

उत्तर : चालण्याची शक्यता खूप आहे. पण मशीन आज बंद करा आणि वर गुरुजींना सांगितली तशी डिस्कची प्रत होईपर्यंत चालू करू नका. खडखडणारी डिस्क दर वेळी थोडी थोडी मरते.

प्रत झाल्यावर दुसरी जुनी डिस्क शोधत बसू नका. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घ्या, पूर्वी कॅमेऱ्यात असायचं ते. हे कार्ड मुळात आयडीईचीच भाषा बोलतं, त्यामुळे मधलं अडॅप्टर म्हणजे फक्त तारा इकडच्या तिकडे नेणारी पट्टी. आवाज नाही, फिरणारा भाग नाही. ४८६ च्या बायोसला (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) मात्र बहुधा १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर या डिस्कच्या मापांपुढे मोजता येत नाही. ५१२ बाइटच्या सेक्टरनं गुणलं की ५२,८४,८२,३०४ बाइट होतात, म्हणजे आपण ज्याला ५०४ एमबी म्हणतो ती मर्यादा. ५१२ एमबीचं म्हणून विकलं जाणारं कार्ड प्रत्यक्षात याच्या आत बसतं. ते मिळालं तर उत्तम. मोठं कार्ड असेल तर बायोसमध्ये हे तीन आकडे हातानं भरा आणि उरलेली जागा विसरा. बारा वर्षांचे हिशेब पन्नास एमबीतही सहज राहतात.

फ्रीडॉसची गोष्ट थोडक्यात अशी, की मायक्रोसॉफ्ट डॉस सोडणार हे दिसल्यावर १९९४ च्या जूनमध्ये जिम हॉल या विद्यार्थ्यानं आपण मिळून मोफत डॉस लिहू असं जाहीर केलं. १.० आवृत्ती यायला २००६ उजाडलं. आज्ञा त्याच आहेत. कार्डावर एफडिस्कनं भाग पाडा, फॉरमॅट करा, सिस सी: म्हणा, मग तुमच्या प्रोग्रामचा फोल्डर तसाच्या तसा कॉपी करा. कॉन्फिगच्या फाइलीत फाइल्स आणि बफर्सचे आकडे जुन्या मशिनवर होते तेच ठेवा. हिशेबाचे प्रोग्राम एकदम बऱ्याच फाइली उघडतात आणि आकडा कमी पडला की मध्येच थांबतात. लोकांना वाटतं फ्रीडॉस बिघडली.

दोन गोष्टी आधी तपासा. प्रिंटरच्या पोर्टला मागे एखादं लहानसं खोकं अडकवलेलं आहे का? ती प्रोग्रामची चावी असते, ती हरवली तर काहीच चालणार नाही. दुसरं, हा प्रोग्राम वेगवान मशिनवर न्यायचा मोह झाला तर जपून. टर्बो पास्कल या त्या काळच्या साधनात लिहिलेले बरेच प्रोग्राम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या वरच्या मशिनवर उघडताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद होतात. प्रोग्राम सुरू होताना मशिनचा वेग मोजतो, तो मोजमापाच्या डब्यात मावत नाही आणि भागाकार कोलमडतो. तुमच्या ४८६ वर हा त्रास नाही. म्हणून तर म्हणते, ते मशीन विकू नका.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालू आहे का बघायला डीआयआर लिहून पुढे मोठेपणाचं चिन्ह (>) आणि एलपीटी१, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टचं नाव, द्या. यादी कागदावर उमटली की खातेउताराही उमटेल.

गणपती पेठ म्हणालात म्हणून आणखी एक. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा आमच्या माहेरच्या घरात एक कॅबिनेट पूर्ण बुडालं. पाणी ओसरल्यावर मी बोर्ड काढून आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुतला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून सावलीत दहा दिवस ठेवला. तो बोर्ड आजही चालतो. हार्ड डिस्क मात्र गेली. डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं. पेढीवर मशीन खाली असेल तर कार्डाची एक प्रत तरी वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी ठेवा.

प्रश्न : नव्वदच्या दशकात आमच्या ऑफिसात डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी दिसायची. ते कसं होत होतं? आज फ्रीडॉसवर तशी मराठी आणता येईल का?
— निवृत्त लिपिक, वाई

उत्तर : या पत्रानं मला फार आनंद झाला, म्हणून जरा मोठं उत्तर देते.

तुमच्या ऑफिसात बहुधा जिस्ट कार्ड असणार. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलेलं हे तंत्र. पीसीच्या आत एक वेगळं कार्ड बसायचं आणि डॉसच्या साध्या प्रोग्रामला पत्ताही न लागता पडद्यावर देवनागरी उमटायची. त्यामागची अक्षरांची सांकेतिक पद्धत म्हणजे इस्की, १९९१ चं भारतीय मानक. त्यात खालचे १२८ संकेत इंग्रजीचे तसेच ठेवले आणि वरच्या १२८ मध्ये भारतीय लिपी बसवली. ब्राह्मीपासून आलेल्या भारतीय लिप्यांना एकच संकेत, त्यामुळे तोच मजकूर कळ दाबून कन्नड लिपीतही बघता यायचा. सीमाभागातल्या आपल्या लोकांना त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

कार्डाशिवाय करता येतं का, हे मी स्वतः ४८६ वर करून बघितलं. व्हीजीए म्हणजे त्या काळच्या पीसीतलं पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड. त्याच्या अक्षरपडद्यावर एका ओळीत ८० अक्षरं आणि अशा २५ ओळी असतात. प्रत्येक अक्षर म्हणजे ८ ठिपके रुंद, १६ ठिपके उंच अशी चौकट, आणि या चौकटी कार्डाच्या मेमरीत असल्यामुळे आपण बदलू शकतो. मी चौकोनी कागदावर पेन्सिलनं अक्षरं काढली. वरच्या तीन रांगा वेलांटी, मात्रा, अनुस्वारासाठी, चौथी रांग शिरोरेषा, मग अक्षराचा देह, तळाच्या तीन रांगा उकारासाठी. ‘क’ छान जमला. ‘ल’ला दोन वेळा खोडलं. मग ‘कमल’ असं लिहून पडद्यावर आणलं.

अक्षरं बरोबर होती, शिरोरेषा तुटलेली. प्रत्येक अक्षरानंतर एक ठिपक्याची फट. पानावर तीन वेगळी अक्षरं ठेवल्यासारखं दिसत होतं, शब्द होतच नव्हता. मी शिरोरेषा चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली होती, तरी फट. तीन संध्याकाळी मी माझीच पेन्सिल तपासत बसले.

कारण असं निघालं : व्हीजीए पडद्यावर चौकट ८ नाही, ९ ठिपक्यांची असते. म्हणून तर ८० अक्षरांचे ७२० ठिपके होतात. नववा ठिपका रिकामा सोडतात, इंग्रजी अक्षरं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. पण इंग्रजीवाल्यांनाही एक गोष्ट जोडलेली हवी होती, त्या म्हणजे चौकटीच्या आडव्या रेघा, तक्ते काढायच्या. त्यासाठी १९२ ते २२३ या ३२ संकेतांना सवलत आहे, तिथं नववा ठिपका आठव्याची नक्कल करतो. १९६ वर एकेरी आडवी रेघ आहे, २०५ वर दुहेरी. मी ‘क’, ‘म’, ‘ल’ उचलून या ३२ घरांत ठेवले आणि शिरोरेषा सलग झाली. हिशेबाचे तक्ते जोडायला ठेवलेल्या त्या जागेत आपली शिरोरेषा बसली. मी उठून शेजारच्या वहिनींना बोलावून आणलं बघायला.

पण ३२ घरांत मराठी मावत नाही, नुसती व्यंजनंच त्याहून जास्त. मग दुसरा मार्ग घेतला. व्हीजीएच्या एका रजिस्टरमध्ये (कार्डाच्या आतल्या आकडे ठेवायच्या खणात) एक बिट बदललं की चौकट ८ ठिपक्यांची होते. त्याबरोबर ठिपक्यांचा वेग ठरवणारं घड्याळही २८.३२२ मेगाहर्ट्झवरून २५.१७५ वर आणावं लागतं, नाहीतर मॉनिटरवर चित्र हलतं. मग ८० अक्षरांचे ६४० ठिपके, फट कुठंच नाही आणि सगळी घरं मोकळी. अजून घरं हवी असतील तर व्हीजीएत एकदम ५१२ अक्षरं ठेवता येतात, त्या बदल्यात अक्षरांचे सोळा रंग आठवर येतात. मला रंगांचं काय करायचंय, मला जोडाक्षरं हवी होती.

एका घरात एकच आकृती राहते हे मुख्य बंधन. काना, वेलांटी यांना स्वतंत्र घर चालतं. ‘सांगली’ लिहायला पाच घरं लागतात : स, अनुस्वारासह काना, ग, ल, दीर्घ वेलांटी. उकार मात्र अक्षराच्या खालीच यायला हवा, म्हणून ‘कु’, ‘गु’, ‘सु’ अशी प्रत्येकाची आकृती वेगळी काढावी लागते. र्‍हस्व वेलांटी लिहिताना नंतर आणि दिसताना आधी, तेवढी अदलाबदल प्रोग्रामनं करायची. माझ्या आतापर्यंत दोनशे चौदा आकृत्या झाल्या आहेत. ‘ळ’ अजून मनासारखा झालेला नाही, आठ ठिपक्यांत त्याची दोन्ही वेटोळी गोल राहत नाहीत. तुम्ही त्या काळचा एखादा छापील कागद जपून ठेवला असेल तर त्यातला ‘ळ’ कसा होता ते मला कळवा.

प्रश्न : वडिलांनी गावाचा इतिहास लिहिला होता. तो एकाच फ्लॉपीवर आहे. सरकत्या पत्र्याच्या आत पांढरे डाग दिसतात. ड्राइव्हमध्ये घालून बघू का? नव्या फ्लॉप्या मिळत नाहीत, त्याला काही उपाय?
— गृहिणी, कराड

उत्तर : ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. पांढरे डाग म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती धरते. तशीच फिरवली तर चकतीवरचा लेप खरवडला जातो आणि ड्राइव्हचं हेडही घाण होतं, मग पुढची चांगली फ्लॉपीही जाते.

नव्या फ्लॉप्यांचं आधी सांगते. रोजच्या वापराला गोटेक नावाचं यंत्र घ्या. ते फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसतं आणि पेनड्राइव्हवरच्या प्रतिमांना फ्लॉपी म्हणून दाखवतं. त्यावर फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारा प्रोग्राम) टाकलं की आणखी चांगलं चालतं. एका फ्लॉपीची प्रतिमा १४,७४,५६० बाइटची. एका पेनड्राइव्हवर शेकडो मावतात.

आता वडिलांच्या फ्लॉपीचं. सरावासाठी आधी दोन टाकाऊ फ्लॉप्या घ्या. पत्रा काढा, प्लॅस्टिकचे दोन भाग कडेनं सावकाश उकला, आतली काळी मऊ चकती मधल्या धातूच्या गोलाला धरून बाहेर काढा. कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब टाकून बोटांच्या टोकांनी दोन्ही बाजू हलक्या धुवा, घासायचं नाही. स्वच्छ पाण्यातून काढा, मऊ सुती कापडावर सावलीत वाळवा, उन्हात नको. मग दुसऱ्या चांगल्या फ्लॉपीच्या खोक्यात, तिची चकती काढून, ही बसवा. टाकाऊ दोन्ही नीट वाचल्या गेल्या तरच वडिलांची घ्या.

वाचायच्या आधी ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली लिहिण्याची खिडकी उघडी असू द्या, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. आणि आत काय आहे ते बघायला फाइल उघडू नका. पहिल्याच फेरीत पूर्ण फ्लॉपीची प्रतिमा काढा, अडलेले सेक्टर दुसऱ्या फेरीत. फाइल त्या प्रतिमेतून उघडा. घरी ड्राइव्ह नसेल तर संपादकांच्या पत्त्यावर मला चिठ्ठी पाठवा आणि येताना फ्लॉपी कागदी पाकिटात आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. माझ्याकडे दोन ड्राइव्ह चालू आहेत, आपण दोघी मिळून बसू.